न भरणारी जखम



आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारात फार झाले. अशा माणसाने त्वचेच्या कर्करोगावर बोलावे हे आपल्याला नवल वाटेल. परंतु या रोगाचा इतिहास कष्टकऱ्यांच्या अंगावरच लिहिला गेला आहे.

१७७५ साली लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी झाडणाऱ्यांचा एक रोग नोंदवला. ही माणसे लहानपणापासून धुराड्यांत चढत. काजळी कातडीच्या घड्यांत साचे आणि पुढे वृषणाच्या कातडीवर कर्करोग होई. धंद्यापायी कर्करोग होतो हे तेव्हा प्रथम दाखवले गेले. पण मुलांना धुराड्यात चढवण्याची चाल खरोखर मोडली ती १८७५ च्या कायद्याने. मध्ये शंभर वर्षे गेली! रोगाचे कारण कळणे निराळे आणि गरिबाचा बचाव होणे निराळे.

आपल्याकडेही हेच. काश्मिरात थंडीत अंगाशी निखाऱ्यांची कांगडी धरतात. तिच्या धगीने मांडीवर नि पोटावर कर्करोग होतो. १९४५ साली मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासह ‘धोतराच्या कर्करोगा’चे वर्णन केले. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षे काच बसतो, कातडी सोलते, भरते, पुन्हा सोलते. परकराच्या नाडीनेही तेच घडते.

पुष्कळांची समजूत अशी की, हा गोऱ्यांचा रोग. ऑस्ट्रेलियात वयाच्या सत्तरीपर्यंत तिघांपैकी दोघांना त्वचेचा कर्करोग होतो हे खरे, आणि आपला सावळा रंग आपल्याला उन्हापासून पुष्कळ वाचवतो हेही खरे. पण म्हणूनच आपण बेसावध राहतो. आपल्याकडे हा रोग बसतो तो जुन्या भाजल्याच्या व्रणावर, पायावरच्या वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेवर, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळव्यावर, क्वचित नखाखाली काळ्या डागाच्या रूपाने. लहानपणी चुलीत भाजलेल्या मुलीच्या व्रणावर तीस तीस वर्षांनी तो उगवू शकतो. जखमेच्या कडा उचलल्या, मांस फुलकोबीसारखे वाढले, रक्त नि दुर्गंधी येऊ लागली, की समजावे हा साधा फोड नव्हे.

आता यातली खरी चीड आणणारी गोष्ट ऐका. हा रोग डोळ्यांना दिसतो. पोटातल्या रोगासारखा तो लपत नाही. वेळेवर आले तर बहुधा तेवढी जागा बधिर करून, आजूबाजूच्या थोड्या निरोगी कातडीसह गाठ कापून काढली की काम भागते. उशीर झाला की जांघेत गाठी येतात आणि पाय कापण्याची पाळी येते. डोळ्यांसमोरचा रोग, सोपा इलाज, आणि तरी माणूस पाय गमावतो. याला अज्ञान म्हणून हात झटकणे सोपे आहे. आम्ही त्याला मजुरीचा हिशेब म्हणतो.

कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कायद्याने राज्य विमा योजना मिळाली. तो आजारी पडला तर वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, अटी पुऱ्या असतील तर, ८० टक्के. हे लढून टिकवलेले आहे. पण ऊसतोड करणारी बाई एक दिवस दवाखान्यात गेली तर त्या दिवसाची भाकरी गेली. महात्मा फुले योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च निघेल. बुडालेला रोज कोण देणार? तिचे तालुक्याचे अंतर मैलांत मोजू नका, रोजांत मोजा.

आणि इलाज नाही असे नाही. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तेथील कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलले आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. तेथे घडले ते कातडीच्या बाबतीतही का घडू नये?

आमच्या मागण्या तीन. एक: कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई घरोघर चट्टे पाहतातच, त्यांनी तळवे, नखे आणि जुने व्रणही पाहावेत, पण या वाढीव कामाचा वाढीव मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. दोन: छायाचित्र पाठवून दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला आज मिळतो, परंतु पक्के निदान तुकडा तपासल्यावाचून होत नाही. तो तुकडा ग्रामीण रुग्णालयातच काढावा. शहरात तुकड्याने जावे, माणसाने नव्हे. तीन: तपासणीच्या नि उपचाराच्या दिवसांची मजुरी भरून मिळावी.

आपण शहरवासी विचाराल, आम्ही काय करावे? आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईच्या, हमालाच्या, माळ्याच्या पायाला महिना-दीड महिना पट्टी दिसली, तर नुसते मलम देऊ नका. तिला दवाखान्यात पाठवा आणि त्या दिवसाचा पगार कापू नका. चार-सहा आठवड्यांत न भरणारी जखम तपासलीच पाहिजे, एवढे एक वाक्य आपण येथून घरी नेलेत तरी पुरे.

धुराड्यातल्या मुलांना शंभर वर्षे वाट पाहावी लागली. आपल्या शेतमजुरांना तेवढा वेळ नाही.