नावामागचे वाक्य



आजचे बोलणे मी माझ्याच एका चुकीपासून सुरू करतो. मी तेव्हा नवा मास्तर होतो. अलिबागेकडच्या एका गावी शाळेत हजेरीपट भरताना एका मुलाच्या वडिलांचे नाव वाचले, हसाजी. मला गंमत वाटली. मी म्हणालो, "अरे, बाप हसाजी आणि तू असा गंभीर कसा?" सारा वर्ग खो खो हसला. तो मुलगा मात्र मान खाली घालून बसला.

दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत आली. रागावली नाही. पडवीत उभी राहून एवढेच म्हणाली, "मास्तर, हसाजीचा हसण्याशी काही संबंध नाही हो. ते आमचं हेस्केल. देव बळ देतो, असा त्याचा अर्थ. माझा लेक जन्मला तेव्हा रडलासुद्धा नव्हता, निपचित पडला होता. म्हणून हे नाव ठेवलं."

मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. त्या दिवसापासून मी या नावांचा शोध घेऊ लागलो. त्यातले थोडे आज आपल्याला सांगतो.

ते घर बेने इस्राएलांचे होते. हे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. 'बेने' म्हणजे पुत्र. आणि इस्राएल हे त्यांच्या पूर्वजाला, याकोबाला, मिळालेले नाव. बायबलात कथा आहे की, तो एका अनोळखी पुरुषाशी रात्रभर झुंजला आणि पहाटे त्याला हे नाव मिळाले. देवाशी झगडला तो इस्राएल, असा अर्थ तेथे दिला आहे.

हिब्रू नाव हे बहुधा एक लहानसे वाक्य असते. त्याची किल्ली सोपी आहे. नावात 'एल' दिसला की तो देव समजावा. 'दानीएल' म्हणजे देव माझा न्यायाधीश. 'मीखाएल' हा तर चक्क प्रश्न आहे, देवासारखा कोण? 'नथनेल' म्हणजे देवाने दिला, म्हणजे आपला देवदत्तच म्हणा ना! 'यो' किंवा 'या' हा परमेश्वराच्या खास नावाचा अंश. 'योनाथान' म्हणजे परमेश्वराने दिला. 'एलीया' या नावात दोन्ही आहेत. माझा देव तोच परमेश्वर, असे ते वाक्य. बेने इस्राएल घरी मलिदा करतात तेव्हा ज्या एलियाहू हनाबीचे स्मरण होते, तो हाच. 'नाबी' म्हणजे संदेष्टा.

काही नावे मात्र देवाबद्दल नसून घरात काय घडले ते सांगतात. अब्राहाम शंभर वर्षांचा आणि सारा नव्वदीची. या वयात तुम्हांला मुलगा होईल, असे कळले तेव्हा अब्राहाम हसला. सारा तंबूच्या दाराआड उभी होती, तीही मनात हसली. त्या हसण्यात विश्वास नव्हता. पण मुलगा झाला, आणि त्याचे नाव ठेवले इसहाक, म्हणजे 'तो हसतो'. आता सारा पुन्हा हसली, पण या वेळी आनंदाने. कोकणात या इसहाकाचा झाला इसाजी. बघा, हसाजीत हसू नाही. हसू आहे ते इसाजीत! मी कुठे शोधत होतो आणि ते कुठे होते!

आता शेतकरी श्रोत्यांना जवळची वाटेल अशी एक कथा सांगतो. 'बेथलेहेम' या गावाच्या नावाचा अर्थ भाकरीचे घर. त्या भाकरीच्या घरातच दुष्काळ पडला. एक कुटुंब गाव सोडून मवाब देशात गेले. त्या घरातल्या बाईचे नाव नामी. मराठीत नामी म्हणजे झकास, पण तो केवळ योगायोग. हिब्रूत या नावाचा अर्थ गोड, मनाला सुख देणारी. परदेशात तिचा नवरा वारला. मग दोन्ही मुलगे वारले. दहाएक वर्षांनी ती मोकळ्या हातांनी परत आली. सोबत फक्त विधवा सून, रूथ. गावातल्या बाया धावत आल्या आणि विचारू लागल्या, ही नामीच ना? तेव्हा तिने सांगितले की, मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा. 'मारा' म्हणजे कडू.

पण कथा तिथे संपत नाही. हंगाम जवाच्या कापणीचा होता. रूथ दुसऱ्याच्या शेतात पडलेली कणसे वेचून सासूला पोसू लागली. पुढे त्या शेताच्या मालकाशी, बवाजाशी, तिचे लग्न झाले आणि मुलगा झाला. त्याचे नाव कोणी ठेवले? शेजारच्या बायांनी. नामीला मुलगा झाला, असे म्हणून त्यांनी बाळाचे नाव ओबेद ठेवले, म्हणजे सेवा करणारा. हा ओबेद दावीद राजाचा आजोबा. त्या बायांनी मारा हे नाव धरलेच नाही. एका दुःखी बाईने स्वतःला दिलेले कडू नाव गावाने चालू दिले नाही.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक सावधगिरीची गोष्ट. ग्रंथात दिलेला अर्थ आणि भाषेच्या अभ्यासकांचा अर्थ नेहमी जुळतातच असे नाही. फारोच्या मुलीने पाण्यातून बाहेर काढला म्हणून 'मोशे', असे ग्रंथ सांगतो. पण पुष्कळ अभ्यासकांच्या मते या नावात मिसरी भाषेतला 'जन्मलेला' या अर्थाचा शब्द आहे. तोच शब्द तिथल्या थुतमोस या राजाच्या नावात दिसतो. शमुवेलाची आई हन्ना म्हणते की, मी मुलगा देवाकडे मागून घेतला. पण व्याकरणाने 'शमुवेल' म्हणजे 'देवाचे नाव', किंवा काहींच्या मते 'देवाने ऐकले'. यातले एक खरे आणि दुसरे खोटे असे मानू नये. एक अर्थ शब्दाचा, दुसरा आईच्या आठवणीचा.

हाच शमुवेल कोकणात सामाजी झाला. अब्राहामाचा आबाजी आणि मोशेचा मुसाजी झाला. गावावरून आडनावे पडली, पेणकर, दिवेकर, केहीमकर. सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर नवस फेडण्यासाठी त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला प्रार्थनामंदिर बांधले, असे परंपरा सांगते. त्याला 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचे दार म्हणतात. अरबीतून आपल्याकडे आलेला 'रहम' हा या 'रहमीम'चा सख्खा भाऊ. आणि हिब्रूत त्याच धातूतून आईच्या उदराला 'रेहेम' हा शब्द आहे. तिथल्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव पडले. शमुवेल, सामाजी, सॅम्युएल, तिन्ही एकच.

दूर प्रवास केला की नावाचा आवाज असाच बदलतो. हिब्रू योहानान, म्हणजे परमेश्वराने कृपा केली. तो इंग्रजीत जॉन झाला, आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्यात येऊन जुवांव झाला. आपण रोज 'आदमी' म्हणतो, तोही आदामाचाच. हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. हिब्रूत 'अदामा' म्हणजे माती. मातीचा तो आदाम.

१९४८ साली इस्राएल देश स्थापन झाल्यावर बहुतेक बेने इस्राएल हळूहळू तिकडे गेले. जाताना पेणकर, दिवेकर ही आडनावे घेऊन गेले. आता तिकडच्या शाळेत हजेरी घेणाऱ्या शिक्षकाला शमुवेल ओळखीचा वाटत असेल, पण पेणकर म्हणजे काय, असा प्रश्न पडत असेल. त्याने तो मुलाला विचारावा, एवढीच माझी इच्छा.

आपल्या हजेरीपटातही असे एखादे नाव असेलच, मग ते कोणत्याही धर्माचे, जातीचे वा प्रांताचे असो. कानाला ऐकू येते त्यावरून त्याचा अर्थ लावू नका, आणि थट्टा तर नकोच. घरी जाऊन आजीला विचारून ये, असे त्या मुलाला सांगा. दुसऱ्या दिवशी त्याला वर्गापुढे उभे करा आणि त्याचे नाव त्यालाच सांगू द्या. माझ्या वर्गातल्या त्या मुलाला मी ही संधी पुढे दिली. आपल्या वडिलांचे नाव त्याने मोठ्याने, अर्थासकट सांगितले. या वेळी वर्गात कोणी हसले नाही.