कॉम्प्युटरची मोठी किल्ली

मंडळी, आपल्या वाचनालयातला कॉम्प्युटर जुना. त्यात विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीनं त्याची नेहमीची दुरुस्ती थांबवली. नवा कॉम्प्युटर घ्यायला पैसे नाहीत. म्हणून आम्ही त्यात लिनक्स घातलं.

लिनक्स कॉम्प्युटरचा सारा कारभार पाहतं. फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ साली त्याचा गाभा लिहिला. पुढं जगभरच्या लोकांनी हातभार लावला. त्याला पैसे पडत नाहीत. मराठीतही चालतं. आम्ही त्यातला उबुंटू हा प्रकार घेतला. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिला. सगळ्या कागदांची नक्कल दुसरीकडे ठेवली. मगच आत घातला. घालताना जुनं सारं पुसलं जाऊ शकतं बरं का!

आता नीट ऐका. लिनक्समध्ये एक मोठा धनी असतो. त्याला 'रूट' म्हणतात. त्याला कुणी अडवत नाही. त्यानं घर मोडा म्हटलं, तर कॉम्प्युटर घर मोडतो! उबुंटूत रूटचं दार मुळात बंद असतं. पण पहिलं खातं ज्याचं, त्याला आपला पासवर्ड देऊन रूटची कामं करता येतात.

घरात कोठीची किल्ली एकाच्याच कमरेला असते. आम्ही तसंच केलं. एक खातं कारभाऱ्याचं, बाकीची साधी. कारभारीसुद्धा रोजचे अर्ज लिहायला साध्या खात्यातच बसतो. साध्या खात्यात चूक झाली, तर आपले कागद जातील. शेजाऱ्याचे जाणार नाहीत. कॉम्प्युटरही बंद पडणार नाही. आपल्या कागदांची नक्कल मात्र ज्याची त्यानं ठेवावी.

पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट आली, की हात थांबवा. कशासाठी मागतो, ते वाचा. आपण काही मागितलंच नसेल, तर 'रद्द करा' दाबा. फोनवरून कुणी म्हणेल, "ही ओळ लिहा, पासवर्ड द्या, कॉम्प्युटर पळेल." तो कितीही गोड बोलो, देऊ नका. काळ्या पडद्यावर पासवर्ड लिहिताना पुष्कळदा काहीच उमटत नाही. तो बिघाड नव्हे. लिहा आणि एंटर दाबा.

उद्या संध्याकाळी तुमची साधी खाती उघडू. पासवर्ड मनाशी ठरवून या. आम्हालाही सांगू नका.