उड्या मारत अंक शिकू

लातूर पॅटर्न म्हटलं की तासन्‌तास बैठक मारून अभ्यास करणारी मुलं आठवतात. अंगणवाडीतल्या चार वर्षांच्या लेकराला मात्र ती बैठक लावू नका! जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची शिफारस आहे की, तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. त्यांच्या बालवाडीत गाणी आणि खेळ म्हणजेच शिक्षण होतं.

नांदेड-लातूरच्या अंगणवाडीताईंनो, असं शिकवायला वेगळं सामान लागत नाही. ‘पाच’ म्हटलं की पाच उड्या. डावं-उजवं शिकवायला लेझमीचा ठेका, जोडी म्हणजे काय ते फुगडीतून. शिकवताना मध्येच एका खेळाला चार-पाच मिनिटं पुरतात. उन्हाळ्यात हे सकाळीच, सावलीत घ्या आणि नंतर पाणी पाजा.