दूध मोजलं, खुरं कोणी बघायची?

गोठेवाल्याला आपल्या गाईची कास तोंडपाठ असते. कोणत्या सडाला दूध कमी, कुठे सूज, सगळं ठाऊक. तीच गाय मागचा पाय जपून टेकते, हे मात्र ती पार लंगडेपर्यंत त्याच्या ध्यानात येत नाही. मग धावपळ, इंजेक्शन. खुरं साळायची राहतात ती राहतातच.

खूर महिन्याला साधारण ५ मिलिमीटर वाढतं. चरायला जाणाऱ्या गाईचं चालून झिजतं. दावणीला बांधलेल्या संकरित गाईचं झिजणार कुठे? पुढचं टोक लांबतं, भार टाचेकडे सरकतो. सगळ्यात जास्त भोगते ती मागच्या पायाची बाहेरची नखी. माणसाची चप्पल एका बाजूनं झिजली की पाऊल तिरकं पडतं, मग गुडघा बोलतो, मग कंबर. पण माणूस चप्पल काढून दुरुस्तीला टाकतो. गाईची ही चप्पल जन्माची, पायात असतानाच नीट करावी लागते. जाणकार तर निरोगी नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवतात, म्हणजे शेजारची दुखरी नखी अधांतरी राहते. एका पायात दोन चपला, टाच एकीलाच!

व्याल्यावर दुधाच्या आशेनं भरडा आणि पेंड एकदम वाढवली, वैरण कमी पडली, की पोटात आम्लता वाढते आणि खुराच्या आतला नाजूक थर दुखावू शकतो. तळव्याची जखम दिसते दोन-तीन महिन्यांनी. तोवर भरड्याची आठवण कोणाला? त्यात ओला कोबा, शेण-मूत. खूर मऊ पडतं.

‘लाळ्या-खुरकुताची लस दिलीय की’, हे ठरलेलं उत्तर. लस हवीच, पण ती त्या विषाणूसाठी. वाढलेल्या नखीला तिचा काय उपयोग? म्हणून पुन्हा तेच: खुरं वर्षातून दोनदा साळायला हवीत, त्यातलं एकदा गाय आटवताना. लंगडण्याची वाट कशाला? चालताना गाय पाठ वर काढू लागली, की पाय उचलून बघायचा.

राहिलं खुरं बुडवायच्या मोरचुदाच्या पाण्याचं: १०० लिटर पाण्यात ५ किलो, खुरं आधी धुऊन. शेणानं पाणी गढूळ झालं की बदलायचं. त्यानं साळणी टळत नाही, हे पुन्हा एकदा. आणि मेंढ्यांना त्या पाण्याला तोंड लावू द्यायचं नाही. तांबं त्यांना विषारी असतं.