हाडांचा ठिसूळपणा : औषधाचा लाभ आणि भय

(पंचायत समितीच्या सभागृहात शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मुख्य भाग)



आरोग्याच्या विषयावर बोलावयास उभा राहताना प्रथमच सांगितले पाहिजे की, मी वैद्यक जाणणारा नव्हे. कला शाखेचा पदवीधर असून माहिती खात्यात नोकरी करतो. परंतु गेली काही वर्षे माझ्या घरात या प्रश्नाचा जो विचार करावा लागला, त्यात आपणा सर्वांच्या उपयोगाचे काही आहे, असे वाटल्यावरून हे निमंत्रण मी स्वीकारले.

माझी आई आज पंचाहत्तर वर्षांची आहे. साडेतीन वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी तिचा पाय घसरला. पडणे किरकोळच होते. पण सावरण्यासाठी तिने हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. तपासणीत हाडांच्या घनतेचा अंक उणे ३.१ निघाला. निरोगी तरुण व्यक्तींच्या सरासरीशी तुलना करून हा अंक काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये घालून दिलेल्या मापानुसार तो उणे २.५ किंवा त्याखाली गेला, की ऑस्टिओपोरोसिस झाला असे समजतात. या विकारात हाड आतून विरळ आणि ठिसूळ होत जाते. ते दुखत नाही, सुजत नाही. बहुधा मोडल्यावरच कळते.

डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यावयाची अलेन्ड्रोनेटची गोळी लिहून दिली. चार महिन्यांनंतर त्या गोळ्यांची न उघडलेली पाकिटे मला तांदळाच्या डब्यामागे सापडली. पहिल्या दोन-तीन गोळ्यांनी आईच्या छातीत जळजळ झाली होती; त्यातच या गोळीने जबडा सडतो, असे कोणीतरी तिला सांगितले होते. मी रागावलो. ती शांतपणे म्हणाली, “अरे, हात मोडला तो एकदाच. जबडा गेला तर रोजचं जेवण गेलं.” तिच्या या बोलण्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून आम्ही दोघे पुन्हा डॉक्टरांकडे गेलो.

भय किती, धोका किती?

डॉक्टरांनी आईची भीती हसण्यावारी नेली नाही. जबड्याच्या हाडाचा काही भाग निर्जीव होण्याचा विकार खरा आहे. मात्र ठिसूळ हाडांसाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेत तो दहा हजार रुग्णांमागे वर्षाकाठी एखाद-दुसऱ्यालाच होतो, असा अंदाज आहे. आणि तोही बहुधा दात काढल्यानंतर. यास्तव औषध सुरू करण्यापूर्वीच दातांची दुरुस्ती करून घ्यावी. दुसरा विरळा दुष्परिणाम म्हणजे अनेक वर्षांच्या सेवनानंतर मांडीचे हाड वेगळ्या प्रकारे मोडणे. त्याआधी पुष्कळदा मांडीत किंवा जांघेत ठणका लागतो. तो लागल्यास विलंब न लावता डॉक्टरांना सांगावे.

आता तराजूचे दुसरे पारडे पाहू. मणका आधीच मोडलेल्या २,०२७ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे तीन वर्षांत औषधाविना शंभरांपैकी पंधरा जणींचा मणका पुन्हा मोडला. अलेन्ड्रोनेट घेणाऱ्यांत हे प्रमाण आठ होते. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण शंभरात सुमारे दोनांवरून एकावर आले. हा फरक लहान भासेल. परंतु खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांत निदान एक जण वर्षभरात दगावतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या एकाचे मोल कळते.

पर्याय कोणते?

अलेन्ड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची असते. त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ नये. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी काहीही घेऊ नये. आई ती चहाबरोबर घेऊन पुन्हा अंथरुणावर पडत असे! रीत सुधारूनही तिची जळजळ थांबली नाही. तेव्हा अन्य पर्याय पाहणे भाग पडले.

झोलेड्रोनिक आम्ल वर्षातून एकदा शिरेतून देतात. पोटाला त्रास नाही, पण पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप व अंगदुखी संभवते. त्यापूर्वी मूत्रपिंडे आणि ड जीवनसत्त्व तपासावे लागते. डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी त्वचेखाली देतात. ते गुणकारी खरे. मात्र ते मध्येच सोडल्यास हाडे वेगाने झिजतात आणि एकाच वेळी अनेक मणके मोडण्याचा धोका असतो. ज्यांना वेळेवर पोचण्याची शाश्वती नाही, त्यांनी हे आधीच डॉक्टरांना सांगावे. टेरिपॅराटाइड हे नवे हाड घडविणारे औषध. ते रोज टोचून घ्यावे लागते, सामान्यतः दोन वर्षांपर्यंतच देतात आणि महाग असते. त्यानंतरही दुसरे औषध लागतेच.

आईने वर्षातून एकदाचा उपचार निवडला. आधी किडलेला दात काढून जखम भरू दिली. पहिल्या खेपेस दोन दिवस ताप आला. पण आगाऊ कल्पना असल्यामुळे ती डगमगली नाही. गेल्या उन्हाळ्यात तिसरी मात्रा झाली. गोळ्यांची पाच वर्षे किंवा अशा तीन वार्षिक मात्रा झाल्यावर औषध चालू ठेवावे की काही काळ थांबवावे, याचा फेरविचार करतात. तो निर्णय आता आमच्यापुढे आहे आणि या वेळी पाकिटे लपविण्याची वेळ आलेली नाही.

आपले कर्तव्य

औषधाला आहाराचा पाया हवा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज १,००० आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असते. घरात पडणे टळावे म्हणून न्हाणीघरात धरावयास दांडा आणि रात्री दिवा हवा. ग्रामपंचायतीने सार्वजनिक पायऱ्यांना कठडे बसविले, तर तोही एक उपचारच होय.

पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने हाड मोडले, तर प्लास्टर निघाले म्हणजे काम संपले, असे मानू नका. हाडे तपासून घ्या. दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही दक्ष राहावे. घनता मोजण्याचे यंत्र तालुक्याच्या गावी सहसा नसते. परंतु साध्या पडण्याने खुबा वा मणका मोडला असेल, तर तेवढ्यावरूनही डॉक्टर उपचार सुरू करू शकतात.

शेवटी एक विनंती. डॉक्टरांकडे जाताना पाच प्रश्न कागदावर लिहून न्या : औषध न घेतल्यास धोका किती? घेतल्यास तो किती कमी होईल? दुष्परिणाम कोणते व त्यांची पूर्वचिन्हे कोणती? औषध किती वर्षे घ्यावयाचे? आणि मध्येच थांबविल्यास काय होईल? गावातील वृद्ध माणसे हे प्रश्न विचारावयास संकोचतात. त्यांच्यासोबत जाऊन ते विचारणारा कोणी तरी हवा. शिक्षक आणि पंचायत सदस्य या नात्याने ते काम आपण अंगावर घ्यावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.