स्वस्त साऱ्याची किंमत



आपलं जिंतूर 1948 पर्यंत निजामाकडे होतं. शेजारचा मुंबई इलाखा इंग्रजांकडे. तिथं जमिनीचा पोत आणि खोली पाहून सारा ठरायचा. महारांच्या वतनी जमिनीला मात्र कमी सारा, म्हणजे जुडी. दिसायला सवलत, पण तिच्यापायी अख्खं घराणं रात्रंदिवस सरकारी चाकरीला बांधलेलं!

म्हणून 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतन दुरुस्तीचं बिल मांडलं. मागणी काय? पूर्ण सारा घ्या, जमीन राहू द्या, चाकरीतून सोडवा. बिल पास झालं नाही. तिकडची ही वतनं 1958 च्या कायद्यानं गेली.

सातबाऱ्यावरचा ‘आकार’ वाचताना पोरांना एवढं सांगा : कमी साऱ्याची बाकी आपल्या माणसांनी राबून फेडली.