लहान मुलांचं आहे, चालतंय!



बालसाहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर अध्यक्षाने गोड बोलायचं असतं. एखादं बडबडगीत म्हणायचं, मोबाइलला शिव्या द्यायच्या, मुलं वाचत नाहीत म्हणून गळा काढायचा आणि जेवणाची वेळ झाली की खाली बसायचं. माझ्याकडून तसं होणार नाही. हा माईक मला एकदाच मिळालाय. पुन्हा मिळू नये याची तजवीज काही जणांनी आज सकाळीच सुरू केली असेल.

माझ्या निवडीनंतर जे पत्रक फिरलं ते तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. ‘ज्याने जन्मात एक गोष्ट लिहिली नाही, एक कविता केली नाही, तो बालसाहित्यिक कसला?’ खरं आहे. मी साप, विंचू, ग्रहगोल आणि रोगराई यांवर लिहीत आलो. त्याला आपल्याकडे ‘पूरक वाचन’ म्हणतात. पारितोषिकाच्या अर्जात आमचा रकाना सगळ्यांत खाली असतो, ‘इतर’ म्हणून. परीक्षक तिथवर पोचेपर्यंत चहा आलेला असतो. हे दुःख मी केव्हाच गिळलं. एक वाक्य मात्र अजून घशात अडकलंय, आणि आज ते तुमच्यासमोर काढणार आहे. ‘लहान मुलांचं पुस्तक आहे हो, चालतंय.’

हे वाक्य मला पहिल्यांदा एका प्रकाशकाने फोनवर ऐकवलं. सापांवरचं त्यांचं रंगीत पुस्तक मी वाचलं होतं. कागद गुळगुळीत, चित्रं झकास. एका पानावर मोठ्या अक्षरांत ‘अजगराचे पिल्लू’. चित्रातल्या सापाचं डोकं त्रिकोणी, मान बारीक, आणि पाठीवर लांबट गोल ठिपक्यांच्या तीन सरळ माळा. अहो, ही घोणस! अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे असतात, एकाचा आकार दुसऱ्याला नसतो. कुठल्याही सर्पमित्राला विचारा, अजगराचं पिल्लू समजून घोणशीला हात घालणारी माणसं दवाखान्यात पोचतात. आणि तसं पोचलेल्या माणसाचं काय करायचं तेही पुढच्याच पानावर छापलं होतं: जखमेवर ब्लेडने चीर द्या, तोंडाने रक्त ओढून थुंका, वर दोरी करकचून आवळा. तिन्ही सल्ले घातक. रुग्णाला धीर द्यायचा, चावलेला अवयव हलू द्यायचा नाही आणि तडक रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष आपल्याकडे मिळतं. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी किती वर्षं जोडलेलं आहे!

‘पुढच्या आवृत्तीत बघू,’ असं ते प्रकाशक म्हणाले. पुढची आवृत्ती निघाली. मुखपृष्ठ नवं, किंमत वाढलेली, घोणस अजून अजगरच. त्या आवृत्तीला एका संस्थेने पारितोषिक दिलं आणि टाळ्या वाजवायला मला बोलावलं.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला होता. विधानसभेपासून पानाच्या टपरीपर्यंत प्रत्येकाला बालशिक्षणाचा कळवळा आला. ते पुस्तक करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. ज्या बाईंनी ‘गणितगप्पा’सारखं पुस्तक मुलांना दिलं, त्यांना आपण मुलांना कसं शिकवावं ते शिकवायला निघालो होतो. घोणशीला अजगर म्हटलं तेव्हा मात्र एकाही वर्तमानपत्राला चार ओळींचं पत्र गेलं नाही. गेलं, माझंच. छापलं नाही.

प्लूटोचं घ्या. ऑगस्ट २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला बटुग्रह ठरवलं. त्यानंतर जन्मलेली पोरं आता मतदान करतात, आणि मांडवाबाहेर ‘आपले नऊ ग्रह’ अजून विक्रीला आहेत. जेम्स वॅटची किटली तर विझायलाच तयार नाही. झाकण थडथडलं आणि वाफेचं इंजिन सुचलं म्हणे! न्यूकॉमेनचं वाफेचं इंजिन १७१२ मध्ये खाणीतलं पाणी उपसत होतं, वॅट जन्मला १७३६ मध्ये. ग्लासगो विद्यापीठातलं त्या इंजिनाचं छोटं प्रारूप त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. ते एवढी वाफ का खातंय याच्या तो मागे लागला. दर खेपेला अख्खा सिलिंडर थंड करायचा आणि पुन्हा तापवायचा, त्यात वाफ फुकट जात होती. वाफ थंड करायला वेगळं पात्र जोडायचं हे त्याला १७६५ मध्ये सुचलं, पेटंट मिळालं १७६९ मध्ये. म्हणजे ही एका चिवट दुरुस्तीवाल्याची गोष्ट आहे. आयटीआयला जाणाऱ्या पोराच्या अंगावर मूठभर मांस चढेल अशी. ती टाकून आपण काय देतो, तर किटलीकडे टक लावून बसलेला आळशी मुलगा. तोही घरच्यांची बोलणी खात.

पण चूक एक वेळ परवडली, कारण ती दाखवता येते. अर्धवट खऱ्याला कुठे पकडणार? २० मार्च १९२७, महाड. मुलांसाठी लिहिलेली बाबासाहेबांची चरित्रं काढून बघा. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलेलं चित्र असतं आणि खाली एक वाक्य, ‘काही लोकांना हे आवडले नाही.’ मिटलं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा, महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केलं ते १९२४ मध्ये, तरी अस्पृश्यांना पाण्याला हात लावायची सोय नव्हती, हे नाही. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून लाठ्या घेतलेला सवर्णांचा जमाव महाडच्या परिषदेला आलेल्या माणसांवर चालून गेला, हे नाही. नंतर पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं, हे नाही. डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेआधी कोर्टातून मनाई आणली आणि तो वाद उच्च न्यायालयात थेट १९३७ साली बाबासाहेबांच्या बाजूने सुटला, हेही नाही. का? ‘मुलांच्या मनात कटुता नको.’ कुणाच्या मुलांच्या? ज्यांच्या पणजोबांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या घरात हे पाळण्यापासून ठाऊक असतं. ते लपवलं जातं ते दुसऱ्या घरातल्या मुलांपासून, आणि त्याला आपण संस्कार म्हणतो.

एका दिवाळीच्या सुटीत अर्धा डझन थोर पुरुष हातावेगळे करणारे लेखक आपल्यात आहेत. या मांडवातही आहेत. नाव घेत नाही. पुढच्या वर्षी त्यांना या खुर्चीसाठी उभं राहायचंय, उगाच प्रसिद्धी कशाला?

शिक्षकांना मी यात ओढणार नाही. मी शिक्षक होतो म्हणून म्हणा हवं तर. शाळांची घाऊक खरेदी वरून ठरते. पानं किती आणि सूट किती एवढंच बघतात, गुरुजींच्या हाती येतो तो नुसता गठ्ठा.

मी लहान असताना आमच्या शाळेत पत्र्याची एक पेटी होती, तिला ग्रंथालय म्हणायचं. रत्नागिरी जिल्ह्यातलं लाल मातीचं गाव, दगड उचलला की खाली फुरसं. पेटीत मुखपृष्ठ फाटलेलं सापांचं पुस्तक होतं, चित्रं काळी-पांढरी. धामण म्हशीच्या पायांना वेढा घालून दूध पिते असं आजी शपथेवर सांगायची. पुस्तकात होतं की धामण बिनविषारी, उंदीर खाते, दूध पीत नाही. एकदा गोठ्यात धामण निघाली. वडील काठी घेऊन आले आणि मी ते पान त्यांच्यापुढे धरून मोठ्याने वाचलं. वडील दुसरीपर्यंत शिकलेले. त्यांनी विचारलं, ‘छापलंय ना? मग जाऊ दे तिला.’ आजीने चार दिवस माझ्याशी अबोला धरला. धामण पुढे भाताच्या कणगीमागे राहिली आणि त्या वर्षी उंदरांनी भात कमी खाल्लं. ते पुस्तक चूक असतं, फुरशालाच बिनविषारी म्हणून गेलं असतं, तरी वडिलांनी काठी खालीच ठेवली असती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुलांच्या माहितीच्या पुस्तकावर ते तपासणाऱ्या जाणकाराचं नाव छापा. लेखकाचं असतं, चित्रकाराचं कधीमधी असतं, प्रकाशकाच्या मातोश्रींना अर्पणपत्रिका असते. तपासणाराच तेवढा नसतो, कारण बहुतेक वेळा तपासलेलंच नसतं. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश काढा, नोंदीच्या खाली लिहिणाऱ्याचं नाव आहे, आधाराला घेतलेले ग्रंथ आहेत. मोठ्यांना एवढं मिळतं. पोरांना काय, उष्टं? शिवाय ‘पुनर्मुद्रण’ एवढंच छापून भागणार नाही, मजकूर शेवटचा कोणत्या साली सुधारला तेही लिहा.

उद्याच्या खुल्या सत्रात मी हा ठराव मांडणार आहे. विषय नियामक समितीत तो ‘अव्यवहार्य’ ठरल्याचं कानावर आलंय. ज्यांनी तो शेरा मारला त्यांनी विरोधात हात वर करताना आपलं एक तरी पुस्तक सोबत आणावं, आपण सगळे मिळून चाळू. तोवर आज दुपारी मी ग्रंथदालनात लाल पेन घेऊन फिरणार आहे. प्रकाशकांनी गाळे बंद करू नयेत. पुस्तक आधी विकत घेईन, खुणा त्यानंतर.